आमचं थेटर हलवावं का? (मोठा धागा होणार, आधीच सांगतो)

शेवटची_रांग
शुक्रवार, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, लिहायची ही दुसरी की तिसरी वेळ, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. विषय घरचा आहे आणि घरात ह्या विषयावर आता कोणी कोणाशी सरळ बोलत नाही म्हणून इथे टाकतोय.

परळच्या बाजूला आमचं एक छोटं थेटर आहे. ओळखणारे ओळखतील पण प्लीज नाव टाकू नका. बाल्कनी धरून ३१२ सीट, चार शो. जागा आमची नाही, आजोबांनी भाड्याने घेतलेली, भाडं अजून जुनंच आहे म्हणून तर आजपर्यंत तगलो. आता मालकांनी बिल्डर आणलाय, बाजूची चाळ आणि थेटर एकत्र पाडून टॉवर होणार. बिल्डर म्हणतो टॉवर झाला की पोडियमच्या (टॉवरच्या पायथ्याशी असतात त्या पार्किंग वगैरेच्या मजल्यांच्या) तिसऱ्या मजल्यावर ११० सीटचं मिनी थेटर तुम्हालाच देतो. केव्हा विचारलं तर म्हणतो चार वर्षं धरून चाला, म्हणजे आपण सात धरायची. नाहीतर आत्ताच पैसे घेऊन बाहेर पडायचं. इथून चालत दहा मिनिटांवर पहिल्या मजल्यावरचं एक फर्निचरचं शोरूम बंद पडलंय, तो गाळा महिना पावणेतीन लाखाने मिळतोय, एजंट म्हणतो १४० खुर्च्या आरामात बसतील.

आणि तिसरं काकाचं. काका म्हणतो विरारला चला. विरार पूर्वेला एका नवीन कॉम्प्लेक्समध्ये हॉल तयार आहे, थेटर म्हणूनच बांधलाय, अजून चालूच झाला नाही, भाडं त्या शोरूमच्या निम्म्याहून कमी. काकाचं म्हणणं, आपला प्रेक्षक केव्हाच तिकडे गेला, आपणच मागे राहिलो.

अण्णा (माझे वडील, ७४) काहीच म्हणत नाहीत. रोज साडेअकराला शर्ट इन करून थेटरला जातात आणि विषय काढला की समोसे आले का बघायला उठतात. कामाला नऊ माणसं, त्यातली दोन माझ्या जन्माच्या आधीपासूनची.

हलवावं का? हलवावं तर कुठे? आणि मी स्वतः आयटीत आहे, मला ह्यातलं फार कळत नाही, तेही सांगून टाकतो.

गिरणगावकर
शनिवार, सकाळी ७:१०

अजिबात हलवू नका. हिंदमाता थेटर गेलं, आता ते नाव फक्त जूनमध्ये पाणी तुंबलं की टीव्हीवर ऐकू येतं. दादरचं चित्रा मे २०१९ ला बंद झालं. कोहिनूर थेटरचं नक्षत्र मॉल झालं. गिरगावात ज्या मॅजेस्टिकमध्ये १४ मार्च १९३१ ला देशातला पहिला बोलपट लागला ते थेटर आज औषधालासुद्धा शिल्लक नाही. एकदा दार बंद झालं की बंदच. भारतमाताच्या जागेवर डोळा ठेवून किती जण आले, ते थेटर मराठी पिक्चरसाठी उभं राहिलं ना? लढा.

सायन_सर्कल
शनिवार, सकाळी ७:३४

@गिरणगावकर तुम्ही ह्यांच्या थेटरात शेवटचा पिक्चर कधी बघितलात?

गिरणगावकर
शनिवार, सकाळी ७:४१

मुद्दा तो नाही.

सायन_सर्कल
शनिवार, सकाळी ७:४२

मुद्दा तोच आहे.

वसईची_केळी
शनिवार, सकाळी ९:०५

काकांना माझ्याकडून एक कटिंग. माझे सासरे गिरणीत होते, १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा ते चाळिशीत होते, संप मिटला नाहीच कधी, गिरण्या मिटल्या, मग खोली विकून नालासोपाऱ्याला आले, त्यांच्या मजल्यावरची सात बिऱ्हाडं होती त्यातली पाच आज वसई ते विरारमध्ये आहेत आणि एक बदलापूरला. लालबाग परळचा माणूस शोधायचा असेल तर गणपतीत लालबागला जा नाहीतर वर्षभर सकाळी ७:२० च्या चर्चगेट लोकलमध्ये उभे रहा, कारण बसायला तर मिळणार नाही. आणि इथे आम्ही काय करतो रविवारी, मॉलमध्ये जातो, चौघांचं तिकीट आणि पॉपकॉर्न मिळून हजार दीड हजार, त्यात मराठी पिक्चर असला तर शो दुपारी पावणेबाराचा नाहीतर रात्री दहा पन्नासचा. २०१५ ला सरकारने मल्टिप्लेक्सवाल्यांना मराठी प्राइम टाइमला लावा म्हणून सांगितलं तेव्हा किती गदारोळ झाला, आणि पुढे बाराला लागला तरी प्राइमच धरू म्हणे. इथे शंभर रुपयांत, सहा साडेसहाला मराठी पिक्चर लावणारं एक थेटर द्या, बघा लाइन. या तुम्ही. मी पहिल्या शोला येते, नारळ पण आणते.

कांजूर_फास्ट
शनिवार, सकाळी ९:२०

ताई ७:२० च्या लोकलला उभं राहायला तरी मिळतं हे नवीन कळलं 😀

हिशोबनीस
शनिवार, दुपारी १२:१५

भावनांचं नंतर बघू. धागाकर्ते, एका शोला सरासरी किती डोकी? तिकीट किती? पगार, लाइट बिल? वाट्याचं काय ठरलंय? हे दिल्याशिवाय इथे हजार प्रतिसाद आले तरी उपयोग नाही.

शेवटची_रांग
शनिवार, दुपारी २:४०

अण्णांच्या वहीतून काढलं. वर्षभराची सरासरी एका शोला ४० माणसं. (मोठा पिक्चर लागला की हाऊसफुल्लचा बोर्ड अजून लागतो, पण असे आठवडे हाताच्या बोटांवर.) तिकीट १०० आणि वर जीएसटी. डिस्ट्रीब्युटरशी अर्धं अर्धं धरा, पिक्चरप्रमाणे कमीजास्त होतं. पगार सगळे मिळून दीड लाख. लाइट सरासरी ९० हजार, उन्हाळ्यात जास्त. कँटीन आणि पडद्यावरच्या जाहिरातींतून जे येतं ते दुरुस्तीत जातं.

हिशोबनीस
शनिवार, दुपारी ३:५८

धन्यवाद. आता बघा. ४ शो गुणिले ४० गुणिले १०० म्हणजे दिवसाला १६,०००, महिन्याला ४ लाख ८०. अर्धे तुमचे, २ लाख ४०. पगार दीड आणि लाइट ९०, झाले २ लाख ४०. म्हणजे तुम्ही बरोब्बर शून्यावर आहात. अण्णा रोज शर्ट इन करून फुकट काम करतायत.

त्या शोरूमचं भाडं २ लाख ७५. एका तिकिटामागे तुमच्या हातात ५० येतात, म्हणजे महिन्याला आणखी ५,५०० तिकिटं विकायला हवीत, म्हणजे एका शोला ४६ माणसं जास्त. आजची ४० धरून झाली ८६. १४० पैकी ८६, प्रत्येक शोला, सोमवारच्या मॅटिनीला पण, पितृपक्षात पण, मॅचच्या दिवशी पण. माझं मत विचाराल तर विषय संपला.

तिकीट वाढवू म्हणाल तर तेही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के झालाय, आधी १२ होता. शंभरच्या वर गेलात की १८. म्हणजे आज गिऱ्हाईक १०५ देतं आणि १०० वाटायला राहतात. उद्या तुम्ही गिऱ्हाइकाकडून सगळं मिळून १२० घेतलेत तर टॅक्स जाऊन उरतात १०१ रुपये ६९ पैसे. त्याच्या खिशातून १५ रुपये जास्त गेले, तुमच्या अर्ध्या वाट्यात वाढले ८५ पैसे. एकतर शंभरावर थांबा नाहीतर थेट दोनशेचं तिकीट लावा आणि तसं थेटर करा. मधली जागा सरकारची आहे.

सायन_सर्कल
शनिवार, दुपारी ४:०३

८५ पैसे 🙏 हे फ्रेम करून बुकिंगच्या खिडकीत लावा.

मी_आपला_असाच
शनिवार, संध्या. ५:३०

थेटर बंद करून लग्नाचा हॉल करा. (पळतो)

कांजूर_फास्ट
शनिवार, संध्या. ५:५५

इरॉस पण बंदच होतं ना, फेब्रुवारी २०२४ ला आयमॅक्स होऊन उघडलं. तसं काही?

सायन_सर्कल
शनिवार, संध्या. ६:१०

अहो ते चर्चगेट स्टेशनसमोर आहे, मोठी कंपनी चालवते. इथे लाइट बिल भरताना घाम फुटतोय.

वकील_नव्हे
शनिवार, रात्री ९:४५

नावाप्रमाणे मी वकील नव्हे, पण लायसन्सच्या कामात बरीच वर्षं घासलीत. सगळे "हलवणे" हा शब्द वापरतायत तो डोक्यातून काढा. १९५३ च्या सिनेमा कायद्याखाली लायसन्स मिळतं ते त्या जागेला, तिथला नकाशा, दारं, जिने, सीटची संख्या बघून. खुर्च्या टेम्पोत घालून नेता येतात, लायसन्स टेम्पोत जात नाही. म्हणजे शोरूम असो की विरार, तुम्ही एक थेटर बंद करताय आणि दुसरं शून्यापासून सुरू करताय. १९९७ ला दिल्लीत उपहारला आग लागून ५९ माणसं गेली, तेव्हापासून आगीच्या बाबतीत कोणी डोळेझाक करत नाही आणि करूही नये. फायरची एनओसी, नंतर दर जानेवारीत आणि जुलैत फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू आहे असा दाखला), इलेक्ट्रिकचं इन्स्पेक्शन, सगळं नव्याने. शोरूम पहिल्या मजल्यावर म्हणताय तर सुटायला जिने किती आहेत ते आधी बघा. फर्निचर घ्यायला एका वेळी दहा माणसं येत होती, तुम्ही १४० अंधारात बसवणार.

दुसरं, बिल्डर ११० सीटचं थेटर देतोय ते प्रेमापोटी नाही. थेटरच्या प्लॉटवर नवीन बांधायचं तर काही भाग थेटरसाठी ठेवावा लागतो, म्हणून थेटरमालकांच्या संघटना हा नियम काढा म्हणून मागे लागलेल्या असतात. त्यामुळे ती ११० सीटची खोली म्हणजे त्याची गरज आहे, उपकार नाही. टेबलावर बसताना हे लक्षात ठेवून बसा.

शेवटची_रांग
शनिवार, रात्री १०:२०

@वकील_नव्हे हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. काकालाही माहीत नसावं. किंवा असावं 🙄

बीम_कॉलम
रविवार, सकाळी ८:३०

स्ट्रक्चरलमध्ये आहे. शोरूममध्ये मोजमापाची टेप घेऊन गेला होतात का? एजंटचं ऐकू नका, एजंटला स्क्वेअर फूट कळतो, उंची कळत नाही. पहिल्या मजल्यावरच्या कमर्शियल गाळ्यात फरशीपासून स्लॅबपर्यंत बारा फूट मिळाली तरी नशीब, त्यात बीम दीड दोन फूट खाली उतरलेले असतात, त्याखाली एसीचे डक्ट. आता हिशोब करा. पडद्याची खालची कड बसलेल्या माणसांच्या डोक्यावर यायला हवी, साडेतीन चार फूट तिथेच गेले. वर थोडी जागा सोडली की पडदा राहतो साडेपाच फूट उंच. स्कोप म्हणजे रुंद पडद्याचा पिक्चर, रुंदी उंचीच्या २.३९ पट, म्हणजे रुंदी तेरा फूट. तेरा फुटाचा पडदा म्हणजे थेटर नव्हे, सोसायटीत वर्ल्ड कपची फायनल दाखवतात ते. शिवाय मध्ये कॉलम असणार. प्रत्येक कॉलमच्या मागे दोन चार खुर्च्या अशा की हिरो दिसेल पण व्हिलन दिसणार नाही. आणि वरच्या मजल्यावर कोण आहे? दवाखाना, क्लास असं काही असेल तर सबवूफरचा पहिला दणका आणि पहिली तक्रार एकाच दिवशी.

हेच टॉवरच्या पोडियमला लागू. ११० सीट देतो म्हणजे किती उंचीत देतो ते विचारलंत का?

प्रोजेक्शन_रूम
रविवार, सकाळी ११:०२

मी ऑपरेटर होतो, ३१ वर्षं, तुमच्या नाही पण तिथून जवळच एका थेटरला. आता रिटायर, मुलगा टाइप करून देतो.

कार्बन जाळून चालवायचं तेव्हापासून मशीनवर आहे. कांडी जळत आली की पुढे सरकवायची, नाहीतर पडदा पिवळा पडला की खालून शिट्ट्या. एक प्रिंट दोन थेटरांत चालायची, तिकडचा रीळ संपला की पोरगा सायकलवरून डबा घेऊन सुटायचा, पावसात अडकला की आम्ही इंटरव्हल लांबवायचो आणि कँटीनवाला खूष. पुढे झेनॉनचा दिवा आला, मग डिजिटल. डिजिटल आल्यावर मला काय काम उरलं, तर पासवर्ड टाकायचा आणि चावी आली का बघायची. चावी म्हणजे कंपनीकडून येते ती, कुठला पिक्चर कुठल्या मशीनवर किती तारखेपर्यंत चालेल ते त्यात असतं. आली नाही तर ३०० माणसं खाली बसलेली आणि आपण फोनवर.

हे सांगण्याचं कारण, मशीन हलवणं सोपं आहे, त्याची चिंता करू नका. पण ते मशीन तुमचं आहे की भाड्याचं ते करारात बघा, भाड्याचं असेल तर दुसऱ्या जागी न्यायला त्या कंपनीची परवानगी लागेल. पडदा मात्र जुना काढून नवीन जागी लावायच्या भानगडीत पडू नका, घडी पडली की कायमची.

जुनी ३५ एमएमची मशीन अजून वर आहे का? असेल तर भंगारात देण्याआधी मला एकदा कळवा. विकत घेणार नाही, जागा नाही. बघायला येईन.

शेवटची_रांग
रविवार, सकाळी ११:३०

आहेत काका, दोन्ही आहेत. अण्णा दसऱ्याला अजून हार घालतात. केव्हाही या.

गिरणगावकर
रविवार, दुपारी १:१५

ह्याला म्हणतात थेटर. विरारला काय नेणार, हार?

वसईची_केळी
रविवार, दुपारी १:४०

विरारला दसरा होत नाही का हो?

मावशी_लालबाग
रविवार, दुपारी ४:२०

मी सगळं वाचलं. सगळे पुरुष भांडतायत की प्रेक्षक इथे आहे का विरारला. एकाने तरी प्रेक्षकाला विचारलं का? अरे बाळा, तुझी तिकिटाची खिडकी आहे ना, तिथे आठवडाभर तिकीट देताना विचार, कुठून आलात आणि आज इथे कशाला आला होतात. वहीत रेघा मार. आम्ही पापड मसाला विकतो, आम्हाला विचारावं लागतं गिऱ्हाईक कुठलं आहे ते, नाहीतर डबा तयार आणि घेणारा नाही. चार शो, सात दिवस. मग इकडे येऊन लिही. तोपर्यंत हे सगळे बडबडत राहतील, राहू दे.

हिशोबनीस
रविवार, दुपारी ४:२६

+१. मावशी, मान गये.

(मध्ये बरेच प्रतिसाद पॉपकॉर्न गोड चांगला की खारा ह्यावर गेलेत, मुद्द्याचं वाचायचं असेल तर सरळ खाली जा. — कांजूर_फास्ट)

शेवटची_रांग
पुढच्या सोमवारी, रात्री १२:३५

अपडेट. मोठं आहे, बसून वाचा.

मावशींनी सांगितलं तसं केलं. बुकिंगवर बसतात त्या काकांना वही दिली, पहिल्या दिवशी ते वैतागले, तिसऱ्या दिवसापासून त्यांनाच मजा यायला लागली, मला रात्री फोन करून सांगायचे आज एक जळगावचा होता, एक कुडाळचा होता. आठवड्यात ८७० लोकांनी उत्तर दिलं, बाकीच्यांनी काय करायचंय तुम्हाला म्हणून तिकीट हिसकावून घेतलं.

आसपास राहणारे निघाले १९०. एवढेच. गिरणगावकर, सॉरी. विरार, वसई, नालासोपारा मिळून ६१, आणि त्यातले बहुतेक इकडे कामाला येणारे, सुट्टीला मुद्दाम आलेले नाहीत. म्हणजे काकाचं अर्धं बरोबर, प्रेक्षक इथे राहत नाही, पण जे येतायत ते इथे काहीतरी काम आहे म्हणून येतायत. रात्रपाळी करून आलेले वॉचमन, दुपारी दोन तास मोकळे असलेले डिलिव्हरीवाले, बाईक खाली लावून वर येतात आणि मोबाइल मांडीवर उलटा ठेवून बसतात, दादरला माल घ्यायला आलेले दुकानदार, ज्यांची गाडी रात्रीची आहे असे.

पण सगळ्यात मोठा आकडा मला माहीतच नव्हता. ३०४ जण हॉस्पिटलवाले. केईएम, टाटा, वाडिया. पेशंट नाही, पेशंटबरोबर आलेले. कोणाचा भाऊ आत आहे, कोणाच्या बायकोची केमो चालू आहे आणि वॉर्डात एकालाच थांबू देतात, बाकीच्यांना सांगतात संध्याकाळी या. गावाहून आलेला माणूस परळमध्ये संध्याकाळपर्यंत जाणार कुठे? फूटपाथवर बसतो, नाहीतर शंभर रुपयांत तीन तास एसी, पाठ टेकायला खुर्ची आणि स्वच्छ संडास. आमच्या मॅटिनीला माणसं झोपतात ती पिक्चर वाईट म्हणून, असं मी लहानपणापासून समजत होतो.

रात्री अण्णांना वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून सगळी पानं बघितली आणि म्हणाले, हे तर मला विचारलं असतंस तरी सांगितलं असतं. मी म्हटलं मग सांगितलं का नाही इतके दिवस? तर म्हणाले, तुम्ही दोघं भाड्याबद्दल विचारत होतात.

मग कळलं की थेटरात एक पद्धत आहे जी मला ह्या वयापर्यंत माहीत नव्हती. पिक्चर चालू असताना कोणाला हॉस्पिटलमधून फोन आला तर तो माणूस बाहेर पडताना डोअरकीपर त्याच्या तिकिटाच्या मागे पेनने "परत" लिहितो आणि सही करतो. तो पुढच्या कुठल्याही शोला, कुठल्याही दिवशी येऊन बसू शकतो. हिशोबनीस, हे तुमच्या ४० माणसांत धरलेलं नाही.

आता जागेचं. बीम_कॉलम साहेब, रविवारी टेप घेऊन शोरूममध्ये गेलो. बीमच्या खाली १० फूट ४ इंच. मध्ये चार कॉलम. जिना एकच, दुसरा जिना म्हणून एजंटने दाखवला तो मागच्या गल्लीत उतरतो आणि त्याच्या तोंडाशी इस्त्रीवाल्याचं टेबल आहे. वर डायलिसिस सेंटर. हा विषय मी तिथेच संपवला, एजंट अजून फोन करतोय.

विरारला काकाबरोबर गेलो. हॉल खरंच चांगला आहे, खोटं कशाला बोलू, उंची आहे, उतार आहे, पार्किंग आहे. काकाला म्हटलं तुम्ही हे स्वतंत्र चालवा, तुमचं चाललं तर मला आनंदच आहे, पण ते हे थेटर नव्हे, दुसरं थेटर आहे. काका जरा चिडला, येताना ट्रेनमध्ये अंधेरीपर्यंत बोलला नाही, मग म्हणाला चावीचं तरी शिकवशील का कोणाला. बघू.

राहता राहिला टॉवर.

वकील_नव्हे
मंगळवार, सकाळी ६:५०

तिथेच भांडायचं. तोंडी काहीही ऐकू नका. अल्टरनेट अकोमोडेशनचं (जुन्याच्या बदल्यात नवी जागा द्यायचं) ॲग्रीमेंट रजिस्टर करून घ्या, त्यात कार्पेट एरिया, सीट, बीमखालची मोकळी उंची फुटात, थेटरसाठी रस्त्यावरून वेगळं दार आणि लिफ्ट, दोन जिने, आणि बांधकाम चालेल तितके महिने ट्रान्झिट भाडं (तोवर जागा नाही म्हणून बिल्डरने द्यायचं ते). उशीर झाला तर भाडं वाढत जाईल असं कलम. प्रोजेक्टची महारेरावर नोंदणी झाली की तिथे पूर्ण करायची तारीख टाकावी लागते, ती आणि तुम्हाला सांगितलेली "चार वर्षं" जुळतात का ते बघा. आणि ॲग्रीमेंट रजिस्टर होईपर्यंत खुर्चीचा एक नटसुद्धा काढू नका. जागेचा ताबा हीच तुमची ताकद.

बीम_कॉलम
मंगळवार, सकाळी ८:१५

तिसरा मजला का घेताय? दोन मजल्यांची उंची मागा, किमान अठरा वीस फूट मोकळी. पोडियम म्हणजे पार्किंगच असणार, एका ठिकाणी मधला स्लॅब गाळायचा, आत्ता नकाशावर आहे तोवर ते एका रेघेचं काम आहे, बांधून झाल्यावर कोणी करणार नाही. नकाशा मिळाला तर मला मेसेज करा, फी नाही, पिक्चर दाखवा.

हिशोबनीस
मंगळवार, सकाळी १०:४०

माझा आक्षेप नोंदवून ठेवतो. मधली चार ते सात वर्षं थेटर नसणार, नऊ माणसांचं काय? आणि ११० सीटवर शंभराचं तिकीट ठेवून लाइट आणि मेंटेनन्स सुटेल का ते अजून कोणी मांडलेलं नाही. टॉवरचा मेंटेनन्स स्क्वेअर फुटावर लागतो, ते कलमही घाला, नाहीतर जागा फुकट आणि मेंटेनन्सने मेलात असं होईल.

शेवटची_रांग
मंगळवार, रात्री ११:१०

बरोबर आहे, आणि ह्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. दोघं रिटायरच होणार आहेत, त्यांचा हिशोब आत्ताच्या पैशातून करायचा हे अण्णांनी आधी सांगितलं, बाकी सगळं नंतर. काकाने विरार केलंच तर तिघं तिकडे जायला तयार आहेत, त्यातला एक राहतोच नालासोपाऱ्याला, तो म्हणे माझे रोजचे साडेतीन तास वाचतील. उरलेल्या चौघांसाठी ट्रान्झिट भाड्यातून काहीतरी महिन्याचं बसवतोय. मेंटेनन्सचं कलम लिहून घेतलं, थँक्स.

बिल्डरकडे गुरुवारी बसणार आहोत. नकाशा मागितलाय. अण्णा पण येतो म्हणाले, मला वाटलं नव्हतं.

मावशी_लालबाग
मंगळवार, रात्री ११:२५

तिकडे कोणी ऐकेनासं झालं तर ती वही काढ आणि ३०४ चं पान उघडून ठेव. आणि मधल्या वर्षांत ती माणसं दुपारची कुठे बसतील, ह्याचा पण कोणीतरी विचार करा रे.

गिरणगावकर
बुधवार, सकाळी ७:०५

रविवारी मॅटिनी किती वाजता आहे?

शेवटची_रांग
बुधवार, सकाळी ९:१५

साडेबारा. स्टॉलचं तिकीट घ्या, बाल्कनीचा पंखा दुरुस्तीला दिलाय. प्रोजेक्शन रूमवाले काका पण त्याच दिवशी येतायत, मशीन बघायला.